गाळे मंजूर, बस नामंजूर

1 जून 1948 रोजी पहिली एसटी नगरहून पुण्याला सुटली. ही गोष्ट आम्ही नगरकर पाहुण्याला त्याने न विचारताच सांगतो, आणि दर जूनला तिच्या आठवणीने कॉलर ताठ करून घेतो. दुसरी गोष्ट मात्र आम्ही कोणाला सांगत नाही. माळीवाडा बसस्थानकावर एसटीतून उतरलेल्या माणसाला सावेडीला, भिस्तबागला किंवा नागापूरच्या एमआयडीसीत जायचे असेल, तर त्याच्यासाठी भरवशाची शहर बस या गावाला आजवर लाभलेली नाही. पुण्याला जायची सोय 1948 साली झाली. भिस्तबाग चौकात जायची सोय व्हायची आहे.

याला कोणी गैरसोय म्हणतो, कोणी दुर्दैव म्हणतो. मी याला निर्णय म्हणतो. नगरच्या सत्तेत बसलेल्यांनी, पक्ष आणि झेंडे बदलत, हा निर्णय पुन्हा पुन्हा घेतला आहे. शहर म्हणजे बांधायची, भाड्याने द्यायची आणि प्रीमियम घेऊन विकायची जागा, असे त्यांनी मनाशी पक्के ठरवले आहे. त्या जागेपर्यंत माणूस कसा पोहोचणार, हा प्रश्न त्यांच्या विषयपत्रिकेवर नसतो. असला तर शेवटच्या पानावर असतो, आणि त्या पानापर्यंत सभागृहातली अर्धी माणसे चहाला गेलेली असतात.

कायद्यानेही त्यांना चांगलीच पळवाट दिली आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवायचे 18 विषय तिच्यात नोंदले गेले. नगररचना आहे, जमिनीच्या वापराचे आणि बांधकामांचे नियमन आहे, रस्ते आणि पूल आहेत. पुढे सार्वजनिक सुविधांच्या रकान्यात दिवाबत्ती, वाहनतळ, बसथांबे आणि स्वच्छतागृहे आहेत. नीट वाचा. बसथांबे आहेत, बस नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातही तीच तऱ्हा. कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत, कलम 66 मध्ये ऐच्छिक, आणि सार्वजनिक वाहतूक पडते ऐच्छिकात. ऐच्छिक म्हणजे मनात आले तर करा, नाही आले तर कोणी विचारणार नाही. आमच्या महापालिकेच्या मनात गाळे मात्र न सांगता येतात.

चितळे रोडवरच्या नेहरू मार्केटचे काय झाले ते बघा. भर गावातली ती मंडई नवे व्यापारी संकुल उभारायचे म्हणून पाडली. पाडण्याचे काम झटपट उरकले. पुढे दशकाहून अधिक काळ ती जागा रिकामी पडून राहिली. भाजी विकणारी माणसे मात्र रिकामी बसू शकत नव्हती. ती रस्त्यावर आली. चितळे रोड आधीच किती रुंद आहे हे तिथून एकदा सायकल काढलेल्यालाही ठाऊक आहे. ग्राहक दुचाकी रस्त्यातच लावणार, रिक्षा मध्येच थांबणार, मागून टेम्पो हॉर्न वाजवणार. मग महापालिकेचे अतिक्रमणविरोधी पथक येणार आणि जिचा ओटा महापालिकेनेच मोडला, त्या बाईच्या पाट्या उचलून नेणार. मार्केट पाडण्याचा तो निर्णय वाहतुकीचाही निर्णय होता. सभागृहात तसे कोणी म्हटले नाही एवढेच. नकाशा इमारतीचा होता, पण कोंडी रस्त्याची झाली.

कापड बाजार आणि मोची गल्लीत वर्षानुवर्षे दुकानदार आणि फेरीवाले एकमेकांच्या अंगावर जात आहेत. दुकानदार म्हणतात, आम्ही कर भरतो, आमच्या दारात गाड्या का? फेरीवाले म्हणतात, आम्ही जायचे कुठे? दोघेही खरे बोलतात. खोटे बोलणारा तिसराच आहे, आणि तो या भांडणाकडे गॅलरीतून पाहतो. पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा 2014 चा आहे. आधी सर्वेक्षण करा, शहर विक्रेता समिती नेमा, तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असू द्या, विक्रीची क्षेत्रे आखा, आणि हे सगळे होईपर्यंत कोणाला उठवू नका, असे तो कायदा सांगतो. या क्रमाने काम केले असते तर निम्मे तंटे मिटले असते. पण क्रमाने काम करण्यात फीत कापायची संधी येत नाही. बुलडोझर आणला की फोटो तरी येतो.

आता दिल्लीगेट ओलांडून सावेडीत चला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी निवृत्त मास्तरांनी आणि बँकेतल्या माणसांनी जिथे बंगले बांधले, तिथे आज क्लासेस, हॉस्पिटले, शोरूम आणि हॉटेले आहेत. प्रोफेसर कॉलनी चौक, गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड, भिस्तबाग चौक, तपोवन रोड या सगळ्या पट्ट्यात तळमजल्यावर दुकान नसलेली इमारत शोधावी लागते. शहर वाढणार, व्यापार वाढणार. त्यात गैर काहीच नाही, उलट जुन्या पेठेवरचा भार त्याने हलका व्हायला हवा होता. पण या प्रत्येक इमारतीला कोणीतरी परवानगी दिली. तिच्या नकाशावर पार्किंगची जागा आखलेली होती. आज त्या जागेत जाऊन पाहा. कुठे झेरॉक्सचे दुकान आहे, कुठे औषधांचे गोदाम, कुठे चक्क बाह्यरुग्ण विभाग. मी एका संकुलात दुचाकी लावायला तळघरात उतरलो, तर रखवालदाराने सांगितले, "साहेब, हे फक्त गाळेवाल्यांसाठी. गिऱ्हाइकांनी रोडला लावायची." त्याची चूक नाही. त्याने महापालिकेचे धोरण एका वाक्यात सांगितले: गाळा आत, गिऱ्हाईक रोडला.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली 2 डिसेंबर 2020 ला मंजूर झाली. तिच्यात पार्किंगची सविस्तर कोष्टके आहेत. किती चौरस मीटर दुकानाला किती मोटारी आणि किती दुचाकी, सगळे मोजून दिले आहे. त्या कोष्टकात गाडीला जागा आहे. चालत येणाऱ्या बाईसाठी, बसने येणाऱ्या म्हाताऱ्यासाठी रकाना नाही. म्हणजे मुळात कायदाच समजून चालतो की जो येणार तो स्वतःचे वाहन घेऊन येणार. आणि त्या अपुऱ्या कायद्याचीही अंमलबजावणी आमच्याकडे कागदावर होते, तळघरात होत नाही. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने हलवू नका, माणसे हलवा, असा सरळ मंत्र दिला. आम्ही वाहने हलवतो, तीही पहिल्या गिअरमध्ये.

आरक्षणांचा खेळ याहून सफाईने चालतो. विकास आराखड्यात वाहनतळ, मंडई, रस्ता रुंदीकरण यांच्यासाठी जागा राखून ठेवायच्या. मग पैसे नाहीत म्हणून त्या घ्यायच्या नाहीत. दहा वर्षे लोटली की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली जागामालक सूचना देतो, मुदतीत संपादनाची पावले पडत नाहीत, आणि आरक्षण व्यपगत होते. कोणी विरोध केला नाही, कोणी मतदान केले नाही, सभागृहात कोणाचा आवाजही चढला नाही. फक्त काही केले नाही, आणि वाहनतळाच्या जागी संकुल आले. राज्यात गावोगावी हे घडते. काहीही न करण्याला एवढा मोबदला मिळणारे दुसरे क्षेत्र मला माहीत नाही.

पैसा कुठे आहे हे फाइलींना बरोबर कळते. जून 2024 मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नगरच्या तत्कालीन आयुक्तांवर बांधकाम परवानगीसाठी लाच मागितल्याचा गुन्हा नोंदवला. आरोप खरा की खोटा हे न्यायालय ठरवील, मी न्यायाधीश नाही. मी एवढेच म्हणतो की शहर बस सुरू करण्यासाठी कोणी कोणाला लाच मागितल्याचे मी आजवर ऐकलेले नाही. जिथे मागायला काही नसते तिथे फाइल हलत नाही, हा आमच्या नागरी प्रशासनाचा न छापलेला नियम आहे.

"उड्डाणपूल झाला ना!" असे कोणीतरी म्हणेलच. झाला. वर्षानुवर्षे रखडून, निविदांचे आणि भूसंपादनाचे सोपस्कार होऊन, 19 नोव्हेंबर 2022 ला सुमारे तीन किलोमीटरचा पूल खुला झाला. खांबांवर शिवचरित्राची चित्रे आहेत, ती बघण्यासारखी आहेत. पण तो पूल कोणाचा? पैसा आणि यंत्रणा राष्ट्रीय महामार्गाची. फायदा मुख्यतः पुण्याहून संभाजीनगरकडे जाणाऱ्यांचा. नगरमधले सगळ्यात मोठे वाहतुकीचे बांधकाम हे नगरवरून जाणाऱ्यांसाठी आहे. नगरमध्ये राहणारा त्याच्या खालून जातो, आणि खाली काय चालले आहे ते त्याला विचारा. पूल झाल्यावर तरी महापालिकेने खालच्या चौकांची, थांब्यांची, पदपथांची आखणी करायची होती. महामार्गवाल्यांनी आपले काम केले आणि ते गेले. आम्ही भाषणे केली आणि घरी गेलो.

शहर बसचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो दरवेळी तोच असतो. महापालिका ठेकेदार नेमते. गाजावाजात उद्घाटन होते, पुढारी पहिल्या बसमध्ये बसून फोटोपुरता प्रवास करतात. काही दिवसांत बसांची संख्या रोडावते. ठेकेदार म्हणतो, तोटा होतो, भरपाई द्या. महापालिका म्हणते, करारात बघू. मग एके दिवशी बस येत नाही. केडगावचा कामगार, विळद घाटाकडे कॉलेजला जाणारी मुलगी, भिंगारची धुणीभांडी करणारी बाई, सगळे थांब्यावर उभे असतात. बस बंद झाल्याचे त्यांना कोणी कळवत नाही. पुढे नवा ठेकेदार येतो, पुन्हा नारळ फुटतो. बस चालली तरी तिच्यात वेळापत्रक नावाची वस्तू नसते, आणि वेळ न पाळणाऱ्या बसमध्ये तोच बसतो ज्याला दुसरा इलाज नाही. मग सभागृहात आकडे दाखवून सांगायचे, बघा, लोक बसमध्ये बसतच नाहीत!

तोट्याचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण तो मांडणारे नेहमी गंभीर चेहऱ्याने मांडतात. बस तोट्यात चालते, खरे आहे. पुण्याची चालते, नाशिकची चालते. पण रस्ता कधी नफ्यात गेला? चौकातला दिवा, उद्यानातली खेळणी, स्मशानभूमी यांचा ताळेबंद कोणी मागत नाही. शहर चालावे म्हणून आपण त्यांच्यावर खर्च करतो. बस त्याच रांगेत बसते. शिवाय आता पैशाचा बहाणाही पुरता उरलेला नाही. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा मंजूर केली. देशभरात 10,000 विजेच्या बस, योजनेचा आकार 57,613 कोटींचा, तीन लाखांवर लोकसंख्येची शहरे पात्र. 2011 च्या जनगणनेत नगरची लोकसंख्या 3,50,859 होती, आज ती कितीतरी वाढली आहे. या योजनेत धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे बसच्या आकारानुसार 20 ते 24 रुपये केंद्र देणार, आणि ते दहा वर्षे. डेपो आणि चार्जिंगच्या सोयीलाही मदत. एवढे असूनही खरी अडचण बसच्या किमतीत नाही. ठेकेदाराचे पैसे दर महिन्याला ठरल्या दिवशी चुकते करण्याची शिस्त हवी. ज्या महापालिकेच्या पाणीयोजनेच्या वीजबिलाची थकबाकी हा बारमाही विषय आहे, तिच्याकडे ती शिस्त येणार कुठून, हा प्रश्न मी विचारतो.

नाशिकने जुलै 2021 मध्ये सिटीलिंक सुरू केली. महापालिकेने स्वतंत्र कंपनी काढली, बस ठेकेदाराच्या, भाडे किलोमीटरमागे, तिकिटाचा पैसा महापालिकेचा. तिथेही सगळे गोड नाही. ठेकेदाराने पगार थकवले म्हणून वाहकांनी वारंवार संप केले आणि प्रवासी ताटकळले. पण बसमार्ग आहेत, ॲप आहे, आणि बस बंद पडली की शहरात बोंब होते. नगरमध्ये बस बंद पडल्याची बोंबही होत नाही, हा फरक आहे. नाशिकच्या चुका आपल्याला फुकटात शिकायला मिळत असताना आपण स्वतःच्याच चुका पैसे मोजून पुन्हा करतो.

"नगर केवढेसे, कुठूनही कुठे दहा मिनिटांत!" हा आमचा लाडका युक्तिवाद. तो करणाऱ्याकडे स्वतःचे वाहन असते. ज्याच्याकडे नाही त्याचा हिशोब मी मांडतो. हा 17,048 चौरस किलोमीटरचा, राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुक्यांची माणसे सिव्हिल हॉस्पिटलला, कलेक्टर कचेरीत, जिल्हा परिषदेत, कॉलेजात येतात. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना त्याआधीपासून प्रवास मोफत आहे. पाथर्डीची म्हातारी फुकटात माळीवाड्यात पोहोचते. तिथून सावेडीतल्या डॉक्टरकडे जायला रिक्षावाला सांगेल ते मोजते. सरकारने पन्नास किलोमीटरसाठी वाचवलेले पैसे महापालिकेच्या नाकर्तेपणाने पाच किलोमीटरमध्ये संपतात. रिक्षावाल्याशी माझे भांडण नाही. शहराचा भार तो एकटा वाहतो, त्याला थांबा नाही, शिस्तीचे शेअर मार्ग नाहीत, आणि कोंडी झाली की पहिला दंड त्यालाच.

17 सप्टेंबर 2025 ला बीड आणि नगर रेल्वेने जोडले गेले. नगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या मार्गासाठी लोकांनी तीन दशके वाट पाहिली. बीडचा माणूस आता रेल्वेने नगर स्टेशनवर उतरतो. त्याच्या स्वागताला महापालिकेने काय ठेवले आहे? ज्या गाडीसाठी पिढी थांबली, तिच्यातून उतरल्यावर गावात जायला तिने पुन्हा थांबायचे.

डिसेंबर 2023 मध्ये महापालिकेची मुदत संपली. दोन वर्षे प्रशासकाची राजवट होती. त्या काळात नगरसेवक म्हणत, आमच्या हातात काही नाही. 15 जानेवारी 2026 ला मतदान झाले, 68 जागा भरल्या, आणि आता हातात सगळे आहे. मधल्या काळात शहराचे नावही बदलले. मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये अहिल्यानगर मंजूर केले. अहिल्याबाईंनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, म्हणजे वाटसरूची सोय केली. पाट्या बदलणे सोपे होते, ते झाले. नावाला साजेसे काम अवघड आहे, ते अजून कोणी हाती घेतलेले नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत, आणि त्यातल्या एकीलाही दिल्लीची परवानगी लागत नाही. महासभेपुढे येणाऱ्या प्रत्येक व्यापारी संकुलाच्या आणि भूखंडाच्या प्रस्तावासोबत एक पान जोडा: इथे रोज किती माणसे येणार, कशाने येणार, बस कुठे थांबणार, रिक्षा कुठे उभी राहणार, फेरीवाला कुठे बसणार. हे पान नसेल तर विषय परत पाठवा. ज्या इमारतींनी पार्किंग गिळले आहे त्यांची यादी प्रभागवार प्रसिद्ध करा, मग ती इमारत कोणाच्या मेहुण्याची का असेना. गाळ्यांच्या प्रीमियममधून आणि विकास शुल्कातून ठरावीक हिस्सा बससाठी वेगळा काढा आणि त्या पैशाला इतर कामासाठी हात लावायचा नाही असा ठराव करा. आणि सुरुवातीला एकच मार्ग नीट चालवा: केडगाव, माळीवाडा, दिल्लीगेट, सावेडी, नागापूर. सकाळी सहा ते रात्री दहा, थांब्यावर छापलेल्या वेळेला. दहा मार्ग कागदावर आखून एकही न चालवण्यापेक्षा एक मार्ग वर्षभर न चुकता चालवून दाखवा.

यावर "अभ्यास समिती नेमू" असे उत्तर येईल. नेमू नका. नगरच्या वाहतुकीचा अभ्यास चितळे रोडवर संध्याकाळी सहा वाजता अर्धा तास उभे राहिले तरी पुरा होतो. समिती म्हणजे निर्णय पुढच्या निवडणुकीपर्यंत ढकलण्याचा सभ्य मार्ग.

राहिलो आपण, नगरकर. आपणही कमी दोषी नाही. गटारीसाठी आपण नगरसेवकाला फोन करतो, वाढदिवसाच्या फ्लेक्सला वर्गणी देतो, पण बसबद्दल त्याला एकदाही विचारत नाही. गाळ्यांबद्दल विचारणारे त्याच्याकडे रोज येतात, म्हणून गाळे मंजूर होतात. तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाने येत्या महासभेत बसचा विषय मांडला का, आणि गाळ्याच्या ठरावाला हात वर करताना ते एक पान मागितले का, एवढे दोन प्रश्न त्याला तोंडावर विचारा. उत्तर आले नाही तर पुढच्या मतदानाला ते लक्षात ठेवा.